अग्निवीर महिला मिलिटरी पोलीस: जॉइनिंगला बारा आठवडे आहेत, शरीराची आणि मनाची तयारी कशी करू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मिलिटरी पोलीसमध्ये निवड झाली आहे. बंगळुरूच्या सेंटरला हजर व्हायला साधारण बारा आठवडे हातात आहेत. सध्याची स्थिती अशी: उंची १६४, वजन ५२ किलो, १६०० मीटर ७ मिनिटं ४० सेकंदांत, पुश-अप फक्त गुडघे टेकवून, दोरावर चढणं शून्य. आतापर्यंत तयारी केली ती भरतीच्या मैदानापुरतीच, म्हणजे १६००, लांब उडी आणि उंच उडी. अकॅडमीतले सर म्हणतात आता रोज १० किमी पळायचं, तेही पाठीवर वजन घेऊन. आमच्याकडे सगळे डांबरी रस्ते. नडगी दुखायला लागली आहे.

विचारायचंय हे: पळणं किती आणि कसं वाढवू? हातांची ताकद बारा आठवड्यांत येईल का? खाण्यात काय बदलू? आणि घर सोडून कधी राहिले नाही, तर मनाची तयारी अशी काही वेगळी करता येते का? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जुना_उस्ताद

अभिनंदन पोरी. पहिलं काम, ते रोजचं दहा किलोमीटर आजपासून बंद. वजन घेऊन पळणं तर अजिबात नको. स्टॅमिना सेंटरवर उस्ताद (प्रशिक्षक) काढूनच घेतात, त्याची काळजी तू करू नकोस. तू धडधाकट हाडं आणि ताजे पाय घेऊन गेट पार कर. दमलेली, दुखरी मुलगी पहिल्या महिन्यातच सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरांपुढच्या रांगेत, दिसते.

तुझं ७:४० म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर प्रत्येक फेरी १ मिनिट ५५ सेकंदांची. भरतीत साडेसातच्या आत पहिला गट आणि आठपर्यंत दुसरा, म्हणून सगळ्या मुली तेवढंच एक अंतर घोटून घोटून पळतात. आत गेल्यावर काम वेगळं असतं. पीपीटीत (शारीरिक क्षमतेची चाचणी) २.४ किमीची दौड असते, बीपीईटीत (लढाईसाठीच्या क्षमतेची चाचणी) वजनासह ५ किमी, ६० मीटर स्प्रिंट, उभा दोर, आडवा दोर आणि ९ फुटी खड्डा. महिलांसाठी वेळेचे निकष वेगळे आहेत, पण कामं हीच. त्यामुळे लांब आणि संथ पळण्याचा पाया हवा.

आठवड्यात तीनच दिवस पळ. सोमवारी ३ किमी, बोलता येईल इतक्या वेगाने. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे, कमी कर. बुधवारी इंटरव्हल: १० मिनिटं हलकं पळून झालं की ४०० मीटर १:४८ मध्ये, मग २ मिनिटं चालणं, अशा चार फेऱ्या. महिन्याभराने सहा. यात बहुतेक मुली चुकतात ते पहिल्या फेरीत. १:३५ ला उडतात आणि तिसरीला २:१० वर येतात. चारही फेऱ्या एकाच वेळेत आल्या तरच तो सराव. शनिवारी लांब पळणं, ४ किमीपासून सुरुवात, दहाव्या आठवड्यापर्यंत ७ ते ८. दर चौथ्या आठवड्यात सगळं एक तृतीयांशाने कमी कर. शेवटच्या आठवड्यात निम्मं.

डांबरी टाळ. ऊस तुटून गेलेलं सपाट रान, कॅनॉलच्या कडेची मातीची वाट, शाळेचं मैदान, काहीही चालेल. डांबरी रस्त्याच्या एकाच कडेने पळलं की उतारामुळे एक पाय कायम खाली पडतो, त्याचाही त्रास नडगीला होतो.

वजन तिसऱ्या आठवड्यापासून, आणि फक्त चालताना. ५ किलो, ३ किमी, आठवड्यातून एकदा. मग एका आठवड्यात वजन वाढव नाहीतर अंतर वाढव, दोन्ही एकदम नाही. शेवटी १० किलो आणि ६ किमी झालं तरी तुझ्या वजनाला पुष्कळ आहे. वाळू दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांध, टॉवेलात गुंडाळ आणि बॅगेत वरच्या बाजूला, खांद्याच्या पात्यांजवळ पाठीला चिकटून बसव. वजन खाली लोंबलं की कमरेतून वाकून चालायची सवय लागते.

आता हात. गुडघे टेकवून पुश-अप कितीही मारलेस तरी पूर्ण पुश-अप येत नाही, कारण पोट आणि कंबर कामच करत नाहीत. त्याऐवजी शरीर सरळ ठेवून हात उंचावर टेक: आधी स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग खाटेच्या कडेवर, मग पायरीवर, शेवटी जमिनीवर. प्रत्येक उंचीवर ८ चे तीन सेट. १२ सहज यायला लागले की एक पायरी खाली. कोपरं बगलेपासून साधारण ४५ अंशांत, दोन्हीकडे पसरवून नकोत. आठवड्यात तीन दिवस केलंस तर बारा आठवड्यांत जमिनीवर १० ते १५ येतात.

दोरासाठी आधी नुसतं लोंबकळ. बारला २० सेकंदांपासून ४५ पर्यंत. मग स्टुलावर उभं राहून हनुवटी बारच्या वर घे आणि ४ सेकंद लावून हळूहळू खाली ये, असे पाच. दोरावर मुली अडतात ते हातांनीच ओढत राहतात म्हणून. चढायचं पायांनी असतं. दोर दोन्ही पायांच्या मधून घे, उजव्या पोटरीच्या बाहेरून फिरवून उजव्या पावलाच्या वरून आण आणि डाव्या पावलाने त्याच्यावर दाब दे. लॉक बसला की सरळ उभी राहा, हात वर सरकव, गुडघे पोटाशी घे, परत लॉक. जमिनीपासून दोन फुटांवर हे पन्नास वेळा झालं तरच वर जा. उतरताना हाताखाली हात. घसरत आलीस तर तळव्याची कातडी दोरावरच राहील.

रणगाडा

उस्ताद, एवढं लाडाने होत नाही. आर्मीचे बूट घे, घोट्याला वेट बांध आणि पळ. तिथे गेल्यावर बूट फुलासारखे वाटतात. आमच्याकडची पोरं असंच करतात.

पायाची_डॉक्टरीण

रणगाडा, विरोध नोंदवते. घोट्याला वजन बांधून पळलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आणि नडगीवर ओढ वाढते, पळण्याची ढब बिघडते आणि फायदा नगण्य. नव्या बुटांत *पळणं* म्हणजे टाचेच्या फोडांना आमंत्रण. बूट चालून मऊ करायचे: पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास घरात आणि अंगणात, मग वजनाच्या चालण्याला. तेही जॉइनिंगच्या पत्रात बूट स्वतः आणायला सांगितले असतील तरच. सेंटरवरून बूट मिळणार असतील तर माप देताना संध्याकाळी द्या (दिवसभरात पाय थोडे सुजतात), जाड मोजा घालून, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून.

कृष्णाकाठची, तुमच्या नडगीबद्दल आधी लिहिते, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

प्रशिक्षणात मुलींना हाडाला बारीक तडा जाण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. हाडांची जाडी कमी, स्नायूंचा आधार कमी, बऱ्याचदा लोह आणि ड जीवनसत्त्व कमी, आणि भार मात्र अचानक चौपट. हाड ताणाला उत्तर म्हणून आधी जुना भाग पोखरतं आणि मग नवा भरतं. या मधल्या तीन-चार आठवड्यांत ते आधीपेक्षा कमकुवत असतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रांग लागते. आज हळूहळू भार दिलात तर ही फेरी घरीच उरकते.

दुखणं दोन प्रकारचं. नडगीच्या आतल्या कडेला चार-सहा इंच पट्टा दुखतो, पळायला सुरुवात केल्यावर जास्त आणि अंग तापलं की कमी होतो, तर तो शिन स्प्लिंट. दहा-बारा दिवस पळणं बंद, त्याऐवजी सायकल किंवा पोहणं, मग पुन्हा सुरुवात. पण एका बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर तो तडा समजूनच वागायचं आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं. आणि एक जागा अशी की जिथे एक दिवसही थांबू नये: जांघेत खोलवर दुखणं आणि पाय टाकताना ते वाढणं. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असू शकतो. तो सरकला तर ऑपरेशन लागतं.

मार्चिंगबद्दल फारसं कुणी सांगत नाही. कवायतीचं पाऊल ३० इंचांचं. उंच मुली पुढे असल्या की मागच्या बुटक्या मुली पाऊल ताणतात, टाच आपटतात, आणि भार थेट पेल्व्हिसवर (कमरेखालच्या हाडांच्या कड्यावर) येतो. ब्रिटनच्या हवाई दलात मुलींच्या पेल्व्हिसला तडे जात होते, तिथे पावलाची लांबी कमी केल्यावर प्रमाण उतरलं. तुमच्या हातात पावलाची लांबी नाही, कंबर मात्र आहे. पुलाचा व्यायाम (पाठीवर झोपून कंबर उचलणं, १५ चे तीन सेट, पुढे एका पायावर), कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली २० चे तीन सेट. याला दिवसाची पंधरा मिनिटं लागतात. पोटरीतला खोल स्नायू नडगीचा भार घेतो, त्यासाठी टाचा उचलताना निम्मे सेट गुडघा किंचित वाकवून करा.

फोडांसाठी आत पातळ नायलॉनचा मोजा, वर जाड. घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर होत नाही. जिथे गरम वाटायला लागतं तिथे फोड यायच्या आधीच झिंक ऑक्साइडची टेप. फोड आला तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या. ती ओढून काढली की पुढचे पाच दिवस गेले.

स्पोर्ट्स ब्रा चार तरी घ्या, एक दांडीवर वाळत असताना दुसरी अंगात हवी. छातीखालचा पट्टा दोन बोटं जाईल इतका घट्ट. हात वर केल्यावर पट्टा वर सरकला तर माप मोठं आहे. जागेवर उड्या मारून बघूनच विकत घ्या. आणि नवी ब्रा घालून थेट लांब पळायला जाऊ नका, काखेत आणि पट्ट्याखाली सोलपटतं. व्हॅसलीन लावा.

पोषण_पंगत

खाण्याचं मी घेते.

आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, बी-१२. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमिक निघाल्या, त्यामुळे "मला काही त्रास नाही" यावर जाऊ नका. १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया. ते १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असतं, आणि मुलगी म्हणते की सराव करूनही वेळ सुधारत नाही. बारा आठवडे हा लोह भरून काढायला बरोबर पुरणारा काळ आहे. म्हणून तपासणी याच आठवड्यात, जॉइनिंगच्या तोंडावर नको.

लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली तर रिकाम्या पोटी, लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत. पोटात ढवळत असेल तर दिवसाआड घ्यायचं विचारा, दिवसाआड घेतलेलं लोह शरीर चांगलं शोषतं. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र कधीच नाही, एक सकाळी तर एक रात्री.

कॅल्शियमला हलकं घेऊ नका. अमेरिकन नौदलाच्या महिला रिक्रूटवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलेल्या गटात हाडाला तडे जाण्याचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी आढळलं. गोळ्या डॉक्टरांना विचारून. पण अर्धा लिटर दुधातून ६०० मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणजे सकाळची नाचणीची आंबील आणि दोन पेले दूध एवढं तर घरीच आहे. त्यावर तिळाची चटणी.

प्रथिनं तुमच्या वजनाला रोज ७५ ते ८० ग्रॅम. दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १६, ५० ग्रॅम सोयाबीन वडी २६, ५० ग्रॅम शेंगदाणे १२, दोन वाट्या डाळ किंवा मटकीची उसळ १४. झाले ८०. पावडरीचा डबा लागला नाही.

भाकरी-भात कमी करू नका. सरावाचे दिवस आणि उपवास एकत्र जमत नाहीत, नवरात्राचे नऊ दिवस तर नाहीच नाही. साबुदाण्यावर इंटरव्हल मारणाऱ्या मुली बघितल्या की हात जोडावेसे वाटतात. खाणं कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर आधी पाळी बंद करतं. मुली खूश होतात, कटकट गेली म्हणून. प्रत्यक्षात इस्ट्रोजेन उतरलेलं असतं आणि हाडं विरळ व्हायला लागलेली असतात. सलग तीन महिने पाळी चुकली तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, आणि जेवण त्याच दिवसापासून वाढवायचं.

आणखी एक: मेसमध्ये जेवायला वेळ कमी मिळतो. घरी मोबाईल न बघता दहा-बारा मिनिटांत पूर्ण ताट संपवायची सवय करा. आणि दाताला कीड असेल तर आत्ताच भरून घ्या.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. सर काय म्हणतील ते म्हणोत, दहा किमी बंद केलं. मनाच्या तयारीबद्दलही कोणीतरी लिहा ना. ओरडतात, रगडा देतात (शिक्षा म्हणून दमवून काढतात) असं ऐकून आहे. आणि पाळीच्या दिवसांत ग्राउंडवर काय करायचं?

हिरवी_वर्दी

ताई, क्रमाने लिहिते.

तुमच्या आधी वाट पडलेली आहे. महिला मिलिटरी पोलिसांची पहिली तुकडी ८ मे २०२१ ला बंगळुरूहून पास आउट झाली, ८३ जणी. त्यांचं प्रशिक्षण ६१ आठवड्यांचं होतं. अग्निवीरांचं त्याहून आटोपशीर, म्हणजे रुळायला वेळ कमी. म्हणून घरीच अर्धं रुळून जायचं.

झोपेपासून सुरू करा. आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे आणत रात्री १० ला आडवं आणि पहाटे साडेचारला उभं. गजर एकदाच, स्नूझ नाही. उठल्यावर वीस मिनिटांत अंथरूण घडी, तोंड, केसांचा घट्ट अंबाडा, बूट, आणि पाण्याची बाटली भरून दारात उभं. पहिल्या आठवड्यातला निम्मा रगडा पळता येत नाही म्हणून मिळत नाही. फॉल-इनला (रांगेत हजर व्हायला) उशीर, बक्कल मळकं, लेस सुटलेली, यासाठी मिळतो. केस कसे ठेवायचे ते जॉइनिंगच्या पत्रात असेल, तसा अंबाडा आरशाशिवाय बांधता आला पाहिजे.

मोबाईल मोजका मिळतो. आत्तापासून तो दिवसातून एकदाच, ठरलेल्या अर्ध्या तासात वापरा. आईलाही ही सवय लागू दे. मुलीचा फोन आला नाही की घरचे काळजीने घायकुतीला येतात, आणि पुढच्या फोनवर त्यांचं रडणं ऐकून मुलगी कोलमडते. घरी स्पष्ट सांगून ठेवा: फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

रगड्याबद्दल. एकीची चूक आणि शिक्षा अख्ख्या सेक्शनला, हे ठरवून केलेलं असतं. ते मनाला लावून त्या एका मुलीशी अबोला धरला की सेक्शन फुटतं आणि सगळ्यांनाच जास्त भोगावं लागतं. रात्री तिचं किट लावायला दोघी बसा, दुसऱ्या दिवशीचा रगडा टळतो. उस्ताद ओरडतात तेव्हा फक्त त्यातला हुकूम ऐकायचा. "कुठून आली ही" वगैरे सोडून द्यायचं, "उजवा हात खांद्याच्या रेषेत" तेवढं घ्यायचं. हे घरी शिकता येतं: धाप लागलेली असताना कुणाला तरी चार आकडे मोठ्याने ओरडायला सांगा आणि ते उलट क्रमाने म्हणा. दोन आठवड्यांत फरक दिसतो.

श्वासाचं एकच तंत्र पुरे. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच वेळा. फायरिंगच्या आधी हेच कामाला येतं. दिवस मोठा वाटला तर पुढच्या जेवणापर्यंतचाच विचार करायचा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घरची आठवण सगळ्यात जास्त छळते, नवलाई संपलेली असते आणि अंग दुखत असतं. तेव्हा "सोडून जाते" हा निर्णय रात्री घ्यायचा नाही. पोटभर नाश्ता झाल्यावरही तेच वाटलं तर बोला, तोपर्यंत नाही.

हिंदी बोलायची सवय करा. हुकूम, वर्ग, तक्रार सगळं हिंदीत. मराठीत विचार करून उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात उस्तादांचा पारा चढतो.

पाळीचं: पीटी पाळीतही करता येते, पण पहिल्या दिवशी फार त्रास होत असेल तर उस्ताद किंवा ड्यूटीवरच्या महिला अधिकाऱ्याला सरळ शब्दांत सांगायचं, खुणेने नाही. दोन महिन्यांचे पॅड सोबत न्या. आतून घट्ट, मांड्यांपर्यंत येणारी शॉर्ट घातली की पॅड सरकत नाही आणि मांड्याही घासत नाहीत. कप वापरायचा असेल तर घरीच किमान दोन पाळ्या सराव करा, नवीन प्रयोगाची जागा बॅरेक नव्हे. क्रॅम्पची जी गोळी सोसते तिची चिठ्ठी डॉक्टरांकडून घ्या. सामान तपासताना कागदाशिवायच्या गोळ्या काढून घेतात.

जुना_उस्ताद

हिरवी वर्दीला सलाम. एक भर घालतो. रेलिगेशनच्या भीतीने, म्हणजे मागच्या तुकडीत टाकतील म्हणून, मुली दुखणं लपवतात. पहिल्या दिवशी सिक रिपोर्ट केलं तर काही दिवसांच्या एक्स्क्यूज पीटीवर, म्हणजे पीटीतून सुटीवर, भागतं. लपवून तीन आठवडे पळलेली मुलगी हाड मोडून घेते आणि हमखास मागे पडते. वेदनेची गोळी खाऊन दौड मारणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण थांबायला सांगणारी खूणच बंद होते.

कृष्णाकाठची

काका, ताई, धन्यवाद. नडगीचा एक्स-रे काढला, नॉर्मल आहे. मग पळायला सुरुवात करू का?

पायाची_डॉक्टरीण

एवढ्यावर नको. नवा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. एका बोटाने दाबून कळ येते का ते बघा. येत असेल तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. कळ नसेल, ४५ मिनिटं भरभर चालून दुखलं नाही आणि त्या पायावर दहा लंगड्या विनासायास झाल्या, तर मातीवर १ मिनिट पळणं, १ मिनिट चालणं, असं दहा वेळा. मधला दिवस सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उतरताना पहिली चार पावलं कशी पडतात तिकडे लक्ष द्या. न दुखता पडली तर पुढच्या वेळी २ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं. दुखली तर एक पायरी मागे, आणि इथे लिहा.